जास्त मतं मिळूनही डेलिगेट्स कमी कसे? अमेरिकेतल्या प्रायमरीचा हिशेब

स्वानंदी_ठाणे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. अमेरिकेतली नोव्हेंबरची निवडणूक, इलेक्टोरल कॉलेज, २७० चा आकडा हे सगळं आपल्याकडे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण त्याआधी पक्षाचा उमेदवार ठरवायची जी पाच-सहा महिन्यांची शर्यत असते, तिचं गणित मला कधीच नीट उलगडलेलं नाही.

सध्या २००८ सालच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या लढतीबद्दल वाचतेय. १९ जानेवारीला नेवाडात कॉकस (पक्षाच्या मतदारांच्या बैठका) झाले. हिलरी क्लिंटन साधारण ५१ टक्के, बराक ओबामा ४५. विजयी म्हणून नाव क्लिंटन यांचं. आणि त्या रात्रीच्या हिशेबाने डेलिगेट्स, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, किती? ओबामांना १३, क्लिंटन यांना १२! त्याच्या आधी न्यू हॅम्पशायरमध्येही क्लिंटन जिंकल्या होत्या, तिथे डेलिगेट्स ९-९. मार्चमध्ये टेक्सासच्या प्रायमरीत (उमेदवार ठरवायच्या नेहमीसारख्या मतदानात) पुन्हा क्लिंटन पुढे, आणि राज्यातले एकूण डेलिगेट्स जास्त ओबामांचे.

मला ओबामा आवडतात, त्यामुळे हा हिलरींच्या बाजूने केलेला धागा नाही. पण मला हे अन्यायाचं वाटतं. देशभर एकाच दिवशी मतदान घ्या, ज्याला जास्त मतं तो उमेदवार. यात डेलिगेट नावाचा मधला माणूस हवाच कशाला? तिथे राहणाऱ्यांनी आणि अभ्यास असणाऱ्यांनी समजावून सांगावं.

मिनू

वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं.

गणितवेडा

छान धागा. नेवाडाचं कोडं सम आणि विषम संख्यांचं आहे.

डेमोक्रॅटिक पक्षात राज्याचे सगळे डेलिगेट्स एका ढिगातून वाटत नाहीत. मोठा हिस्सा काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) एकेका मतदारसंघाला नेमून दिलेला असतो आणि तो तिथल्या मतांप्रमाणे तिथेच वाटला जातो. उरलेले राज्यभराच्या मतांवर वाटतात, त्यातही दोन वेगळे गट असतात.

आता समजा एका मतदारसंघाला ४ डेलिगेट्स आहेत आणि उमेदवार दोन. तुम्हाला ५५ टक्के मतं मिळाली: २-२. ६० टक्के मिळाली: तरी २-२. तिसरा डेलिगेट हवा तर ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. चार लाडू दोन पोरांत वाटायचे आणि लाडू फोडायचा नाही, असा प्रकार.

शेजारच्या मतदारसंघात ३ डेलिगेट्स असतील तर तिथे ५०.१ टक्क्यांनाच २-१. म्हणजे सम संख्येच्या ठिकाणी तुम्ही २० टक्क्यांनी जिंका, हाती काही लागत नाही. विषम संख्येच्या ठिकाणी केसभर पुढे राहा, एक डेलिगेट जादा. नेवाडात क्लिंटन यांची मोठी आघाडी लास व्हेगासच्या भागात होती. ओबामा उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या भागात पुढे होते आणि तिथे संख्या विषम होती. तेवढ्यावर १३-१२ झालं.

चक्रम

आमच्या घरी आई पाचवा लाडू स्वतः खायची आणि भांडण मिटवायची. तोच सुपरडेलिगेट का?

गणितवेडा

@चक्रम, त्यांच्याकडे येऊच, तो मोठा विषय आहे. :)

आधी याहून सुंदर उदाहरण देतो, २०१६ चं वायोमिंग. बर्नी सँडर्स यांना जवळपास ५६ टक्के, क्लिंटन यांना ४४. बारा टक्क्यांचं अंतर. डेलिगेट्स ७-७. का? राज्याचे १४ डेलिगेट्स तीन गटांत होते: ८, ४ आणि २. आठाचे ५६ टक्के साडेचारच्या किंचित खाली, म्हणजे ४. चाराचे सव्वादोन, म्हणजे २. दोनाचे १.१, म्हणजे १. तिन्ही वेळा अपूर्णांक खाली गेला आणि तिन्ही वेळा बरोबरी झाली. चौदाच्या चौदा एकत्र वाटले असते तर ८-६ झालं असतं.

टेक्सासकर

टेक्सासबद्दल मी सांगतो, ४ मार्च २००८ ला मी दोन्हीकडे हजर होतो.

दोन्हीकडे म्हणजे काय, तर तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचं इथलं मतदान दोन टप्प्यांत चालायचं. दिवसा नेहमीसारखी प्रायमरी. त्यातून १२६ डेलिगेट्स. मतदान बंद झाल्यावर संध्याकाळी त्याच केंद्रावर कॉकस, त्यातून ६७. कॉकसला यायचं तर दिवसा मत दिलेलं असणं सक्तीचं. आमच्या भागात एरवी त्या बैठकीला ओंजळभर माणसं येत. त्या रात्री शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सह्यांचे कागद संपले, कुणीतरी वह्यांची पानं फाडून दिली. तान्ह्या मुलांना घेऊन आलेल्या बायका, ड्युटीवरून थेट आलेल्या नर्सेस, काठी टेकत उभे असलेले आजोबा. मी अमेरिकेत इतकी वर्षं राहतोय, पण लोकशाही इतकी जवळून त्याआधी पाहिली नव्हती.

निकाल: प्रायमरीत क्लिंटन ६५, ओबामा ६१. कॉकसमध्ये ओबामा ३८, क्लिंटन २९. बेरीज केलीत तर ओबामा ९९, क्लिंटन ९४.

प्रायमरीतही एक मेख होती. टेक्सासमध्ये वाटप काँग्रेसच्या मतदारसंघांप्रमाणे नव्हतं, राज्याच्या सिनेटच्या ३१ मतदारसंघांप्रमाणे होतं. मागच्या निवडणुकांत जिथे डेमोक्रॅटिक उमेदवारांना भरघोस मतं पडली, तिथे डेलिगेट्स जास्त. ऑस्टिनच्या मतदारसंघाला ८ होते. ह्यूस्टन आणि डॅलसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांनाही चांगला वाटा होता. हे सगळे ओबामांचे बालेकिल्ले. दक्षिणेकडच्या लॅटिनो पट्ट्यात, जिथे क्लिंटन यांची खरी ताकद, तिथे आधीच्या वेळी मतदान कमी झालेलं, म्हणून डेलिगेट्सही कमी. तेव्हा कोण घरी बसलं होतं त्याचा फटका आता बसला.

२०१६ पासून इथे फक्त प्रायमरी आहे.

स्वानंदी_ठाणे

@टेक्सासकर, फार छान लिहिलंत. पण माझा मुद्दा यानेच पक्का होतो. रात्रपाळीला असलेली बाई संध्याकाळच्या बैठकीला येणार कशी? तिचं एक मत, आणि ज्याला वेळ आहे त्याचं दीड!

रानफूल

कॉकसच्या बाबतीत स्वानंदीशी पूर्ण सहमत. मी आयोवात राहते. २०२० च्या फेब्रुवारीत मला मताधिकार नव्हता, ग्रीन कार्ड होतं, पण बघायला म्हणून बसू देतात. नवऱ्याला मताधिकार होता.

शाळेच्या जिममध्ये प्रत्येक उमेदवाराचा एकेक कोपरा. आपल्या माणसाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मोजणी होते. हजर असलेल्यांच्या १५ टक्के माणसं ज्या कोपऱ्यात नाहीत, तो गट बाद. मग बाद झालेल्यांना आपल्याकडे ओढायला बाकीचे सरसावतात. आमच्या शेजारीण बाई एमी क्लोबुशार यांच्या कोपऱ्यात होत्या, तो थोडक्यात राहिला. तीन बाजूंनी माणसं येऊन त्यांना समजावू लागली. एकजण आरोग्य विम्यावर बोलत होता, दुसरी नोव्हेंबरमध्ये कोण जिंकेल त्यावर. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एलिझाबेथ वॉरन यांच्या कोपऱ्यात गेल्या. हे सगळं चारचौघांसमोर. गुप्त मतदान नव्हतंच. ज्या गावात तुमचा बॉस, घरमालक, डॉक्टर त्याच हॉलमध्ये आहे, तिथे काय होत असेल याचा विचार करा.

त्या वर्षी निकाल कळवायच्या अॅपने दगा दिला आणि आकडे यायला कित्येक दिवस लागले. शेवटी माणसांच्या मोजणीत सँडर्स पुढे, पण राज्य अधिवेशनाच्या डेलिगेट्सच्या हिशेबात पीट बुटिजेज २६.२ टक्के आणि सँडर्स २६.१. राष्ट्रीय डेलिगेट्स बुटिजेज १४, सँडर्स १२, वॉरन ८, बायडेन ६, क्लोबुशार १. आणि चौथे आलेले बायडेन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

मिनू

एक मिनिट, चौथे आले तरी जिंकले? मग आयोवाचा एवढा गाजावाजा कशासाठी?

रानफूल

@मिनू, आयोवाचे तेव्हा ४१ डेलिगेट्स, देशभरातले ३९७९. जेमतेम एक टक्का. तेव्हा पहिलं राज्य असल्याने बातम्या आणि देणग्या मिळायच्या. डेलिगेट्स म्हणाल तर किरकोळच.

अप्पा_एडिसन

आमच्या न्यू जर्सीचं नाव कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. ५ फेब्रुवारी २००८, सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांत मतदान. आमच्या एडिसनमध्ये त्या दिवशी मराठी, गुजराती, तेलुगू सगळे रांगेत. राज्यात अकरा लाखांवर मतं पडली. क्लिंटन यांना ५९ डेलिगेट्स, ओबामांना ४८. अकराची आघाडी.

त्याच दिवशी आयडाहोमध्ये कॉकस होतं. आलेली माणसं २१ हजारांच्या आसपास. ओबामांना त्यातली ८० टक्के. डेलिगेट्स १५-३. बाराची आघाडी.

म्हणजे अकरा लाख माणसांनी कमावलेलं २१ हजार माणसांनी पुसून टाकलं आणि वर एक जास्त. तेव्हा मला फार राग आला होता, मी क्लिंटन यांचा स्वयंसेवक होतो. पण ओबामांच्या लोकांनी आयडाहोत कार्यालय उघडलं, माणसं नेमली, बर्फात घरोघरी फिरले. आमच्या मोहिमेने अशा छोट्या कॉकस राज्यांकडे पाहिलंच नाही, मोठ्या राज्यांवर भिस्त ठेवली. नियम दोघांनाही आधीपासून माहीत होते. म्हणून ओबामांचा विजय मी मनापासून मान्य करतो. लढाई डेलिगेट्सची होती आणि त्यांनी ती डेलिगेट्ससाठी लढली.

गणितवेडा

अप्पा, +१००. मोठं राज्य १० टक्क्यांनी जिंकून जे मिळत नाही, ते छोटं राज्य ६० टक्क्यांनी जिंकून मिळतं. प्रमाणशीर वाटपात विजयापेक्षा फरक महत्त्वाचा.

ऋतुगंध

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. सगळी चर्चा डेमोक्रॅटिक पक्षाची चाललीय. रिपब्लिकन पक्षाचे नियम अगदी वेगळे आहेत आणि राज्यागणिक वेगळे आहेत. तिथे अन्याय शोधायचा तर सम-विषमात शोधावा लागत नाही, समोरच दिसतो.

२०१६, दक्षिण कॅरोलायना. ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं. म्हणजे तीनपैकी दोन मतदारांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं. डेलिगेट्स ५० पैकी ५०. कारण राज्यात पहिला येणाऱ्याला राज्याचे २९, आणि प्रत्येक मतदारसंघात पहिला येणाऱ्याला तिथले ३. सातही मतदारसंघांत ट्रम्प पहिले आले. विरोधकांची मतं रुबिओ, क्रूझ, बुश, केसिक, कार्सन यांच्यात विभागली. पुढे फ्लोरिडाचे ९९ एकगठ्ठा ट्रम्पना, ओहायोचे ६६ एकगठ्ठा केसिकना.

पक्षाचा नियम असा की मार्चच्या मध्यापर्यंत मतदान घेणाऱ्या बहुतेक राज्यांनी प्रमाणात वाटप करायचं, त्यानंतर हवं तर सगळे एकालाच द्या. त्यातही पळवाटा भरपूर. टेक्सासमध्ये २० टक्क्यांची अट होती, रुबिओंना पावणेअठरा टक्के मिळाले आणि १५५ पैकी फक्त ३ डेलिगेट्स. क्रूझ १०४, ट्रम्प ४८.

जुनाजाणता

ऋतुगंध यांचा मुद्दा बरोबर आहे, पण २०१६ मध्ये ट्रम्प यांनाही याच नियमांचा चटका बसला. कोलोरॅडोत पक्षाने त्या वर्षी सर्वसामान्य मतदारांचा कौल घेतलाच नाही. मतदारसंघांच्या आणि राज्याच्या अधिवेशनांत डेलिगेट्स थेट निवडले. क्रूझ यांची माणसं आधीपासून पेरलेली. निवडायचे ३४ च्या ३४ क्रूझ घेऊन गेले. ट्रम्प यांनी ही व्यवस्थाच फिक्स केलेली आहे अशी जाहीर ओरड केली.

पेनसिल्व्हेनिया तर आणखी वेगळं. तिथे १७ डेलिगेट्स राज्यातल्या विजेत्याला. बाकीचे ५४ मतपत्रिकेवर स्वतःच्या नावाने उभे, आणि ते कोणत्या उमेदवाराचे हे मतपत्रिकेवर लिहिलेलंच नाही. ज्याच्या समर्थकांनी केंद्राबाहेर नावांची चिठ्ठी हातात दिली, त्याचे निवडून आले.

स्वानंदीताई, तुम्ही विचारलंत डेलिगेट हा मधला माणूस हवाच कशाला. त्याचं उत्तर इतिहासात आहे. डेलिगेट आधी होता, प्रायमरी नंतर आली. एकोणिसाव्या शतकापासून पक्षाची अधिवेशनं भरत आणि राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी तिथे घासाघीस करून उमेदवार ठरवत. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला न्यूयॉर्कमध्ये १०३ फेऱ्या घ्याव्या लागल्या, तेव्हा जॉन डेव्हिस ठरले आणि पुढे पडले. त्या काळी प्रायमरी असत, पण थोड्या राज्यांत, आणि त्यांचं बंधन फारसं कोणावर नसे.

कलाटणी मिळाली १९६८ ला. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी माघार घेतलेली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या. शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ह्युबर्ट हंफ्री यांना, आणि हंफ्री एकही प्रायमरी लढले नव्हते. सभागृहाबाहेर पोलीस तरुणांना बदडत होते. त्या लाजिरवाण्या प्रसंगानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग बसला, डेलिगेट निवडायची पद्धत खुली झाली, आणि १९७२ पासून प्रायमरींना खरी किंमत आली. १५ टक्क्यांची अट आणि प्रमाणशीर वाटप यांमागे १९८० च्या दशकात उमेदवारी लढवलेल्या जेसी जॅक्सन यांनी धरलेला आग्रह आहे. त्यांची मतं भरपूर असूनही डेलिगेट्स कमी पडत होते. म्हणजे जे नियम आज किचकट वाटतात, त्यांतले बरेचसे कोणाच्या तरी अन्यायाला उत्तर म्हणून आलेत.

मिनू

जुनाजाणता, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना.

चक्रम

आता सुपरडेलिगेट! लाडू अजून ताटात आहे.

जुनाजाणता

१९८२ मध्ये हंट आयोगाने ते आणले. खासदार, गव्हर्नर, पक्षाचे राष्ट्रीय समिती सदस्य वगैरे. कोणत्याही प्रायमरीशी बांधील नाहीत. २००८ मध्ये एकूण मतांचा साधारण पाचवा हिस्सा त्यांचा होता. २०१६ मध्ये सँडर्स यांनी न्यू हॅम्पशायर ६०-३८ असं जिंकलं. डेलिगेट्स १५-९. पण तिथले बहुतेक सुपरडेलिगेट्स आधीच क्लिंटन यांच्या बाजूला, त्यामुळे टीव्हीवरच्या तक्त्यात जवळपास बरोबरी दिसायची. तरुण समर्थक प्रचंड चिडले, आणि माझ्या मते योग्य चिडले. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला. आता पहिल्या फेरीत चुरस असेल तर त्यांना मत नाही. दुसरी फेरी झाली तरच.

बेळगावकर

इथे एक आपल्या माणसाची गोष्ट. श्री ठाणेदार मूळचे आमच्या बेळगावचे, २०२२ मध्ये मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून गेले, डेमोक्रॅटिक पक्षाकडून. पक्षाचा काँग्रेस सदस्य आपोआप डेलिगेट असतो. म्हणजे मराठी बोलणारा माणूस या यादीत आहे. आम्हाला त्याचा अभिमान वाटतो, आणि त्यांनी २०१८ ची गव्हर्नरपदाची प्रायमरी हरल्यावर चिकाटी सोडली नाही याचा जास्त.

मिशिगनचा विषय निघालाच आहे तर २०२४ चं सांगतो. गाझातल्या युद्धाच्या निषेधार्थ तिथे एक लाखावर लोकांनी बायडेन यांच्याऐवजी ‘कोणालाच नाही’ या रकान्यात मत दिलं. राज्यभरात ते १३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १५ च्या खाली. तरी त्यांना २ डेलिगेट्स मिळाले. कारण दोन मतदारसंघांत त्यांनी १५ टक्के ओलांडले. मिनेसोटात राज्यभर १९ टक्के मिळाले, तिथे ११ डेलिगेट्स. हे लोक शिकागोच्या अधिवेशनात जाऊन आपलं म्हणणं मांडू शकले. स्वानंदीताईंच्या ‘जास्त मतं त्याचा विजय’ पद्धतीत त्यांना काय मिळालं असतं?

स्वानंदी_ठाणे

@बेळगावकर, हा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. तेरा टक्क्यांनाही खोलीत खुर्ची मिळते, हे मला खरंच आवडलं.

पुणेरी_मावशी

मी पुण्यात राहते, नागरिकत्व अमेरिकेचं. निवृत्त होऊन परत आलो. आम्हाला प्रायमरीत मत देता येतं हे इथे कोणाला माहीत नसतं म्हणून लिहिते. परदेशात राहणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या नागरिकांची एक संघटना आहे, पक्ष तिला एखाद्या राज्यासारखं वागवतो. तिची स्वतंत्र प्रायमरी होते, जगभरातून. २०२० मध्ये १३ डेलिगेट्स होते, सँडर्स यांना ९, बायडेन यांना ४. मी ईमेलने मतपत्रिका पाठवली होती. मात्र एकच मत: आपल्या जुन्या राज्यातून टपालाने प्रायमरीत मत दिलंत तर इथे देता येत नाही.

मिनू

मावशी, भारी! अवांतर: आपल्याकडे असं काही कधी होईल का? तिकीट दिल्लीहून किंवा मुंबईहून ठरतं, आणि कार्यकर्ता सतरंज्या उचलतो.

जुनाजाणता

@मिनू, आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाने २०१४ मध्ये थोड्या मतदारसंघांत प्रयोग केला होता, आपल्याकडे वर्धा आणि लातूर. पण मत फक्त पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. अमेरिकेत सामान्य मतदार ठरवतो, हा फरक फार मोठा आहे. प्रयोग पुढे चालला नाही. मला वाटतं चालायला हवा होता.

ऋतुगंध

विषयावर येते. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने नेवाडात काय केलं ते नोंदवायलाच हवं. राज्य सरकारने कायद्याप्रमाणे प्रायमरी घेतली. पक्षाने सांगितलं, आमचे डेलिगेट्स फक्त आमच्या कॉकसमधून. निक्की हेली प्रायमरीत उभ्या राहिल्या, ट्रम्प कॉकसमध्ये. प्रायमरीत हेली ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाकडून हरल्या, आणि जिंकल्या असत्या तरी डेलिगेट शून्य. ट्रम्प कॉकसमधून सगळे २६ घेऊन गेले. एकाच आठवड्यात दोन मतदानं आणि त्यातलं एक निरर्थक. मतदाराचा असा अपमान मला सहन होत नाही.

मिनू

आणि बायडेन यांनी माघार घेतल्यावर त्यांच्या डेलिगेट्सचं काय झालं? लोकांनी तर मत बायडेन यांना दिलं होतं.

टेक्सासकर

@मिनू, तिथेच डेलिगेट हा हाडामांसाचा माणूस असण्याचा उपयोग कळतो. बायडेन यांच्याकडे सुमारे ३९०० डेलिगेट्स होते. २१ जुलै २०२४ ला त्यांनी माघार घेतली. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम म्हणतो की डेलिगेटने आपल्या मतदारांची भावना सद्सद्विवेकाने मांडावी. उमेदवारच राहिला नाही, तर तो मोकळा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कमला हॅरिस यांच्याकडे बहुमत झालं होतं, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ऑनलाइन मतदानात जवळपास सगळी मतं त्यांना पडली.

माझी एक मैत्रीण तेव्हा डेलिगेट होती. शाळेत शिकवते. मतदारसंघाच्या सभेत उभी राहून, छोटं भाषण करून निवडून आलेली. त्या दोन दिवसांत तिला अनोळखी लोकांचे इतके फोन आले, प्रत्येकाचं तिने ऐकून घेतलं. विमानाचा आणि हॉटेलचा खर्च स्वतःच्या खिशातून. हा ‘मधला माणूस’ असा असतो, स्वानंदीताई.

अप्पा_एडिसन

आता मूळ प्रश्नाकडे. स्वानंदी, तू म्हणतेस जास्त मतं त्याचा विजय. २००८ मध्ये जास्त मतं कोणाला होती?

हा प्रश्न आम्ही तेव्हा महिनोन्महिने भांडलो. आयोवा, नेवाडा, मेन, वॉशिंग्टन इथल्या कॉकसमध्ये माणसागणिक मतांचे आकडे जाहीरच झाले नव्हते. तुझे नेवाडातले ५१ आणि ४५ हे मतदारांचे टक्के नाहीत, ते पुढच्या टप्प्याच्या, काउंटी अधिवेशनाच्या प्रतिनिधींचे आहेत. मिशिगन आणि फ्लोरिडाने पक्षाने ठरवलेल्या तारखेच्या आधी मतदान घेतलं म्हणून त्यांचे सगळे डेलिगेट्स काढून घेतले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं. ३१ मे रोजी पक्षाच्या समितीने दोन्ही राज्यांच्या डेलिगेट्सना अर्धं अर्धं मत दिलं. आता बेरीज कशी करणार? मिशिगन धरलं तर क्लिंटन पुढे, सोडलं तर ओबामा. कॉकसचा अंदाज धरला तर आकडा पुन्हा हलतो. मी तेव्हा सोयीची बेरीज सांगायचो, समोरचा त्याच्या सोयीची. दोघेही खरं बोलत होतो.

डेलिगेट्सची बेरीज मात्र एकच होती, आणि ३ जूनला ओबामांनी ती गाठली. चार दिवसांनी क्लिंटन यांनी माघार घेतली. डेनव्हरच्या अधिवेशनात त्यांनीच न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींमध्ये उभं राहून ओबामांची निवड एकमताने करावी असा ठराव मांडला. टीव्हीसमोर आमच्या घरात मी आणि मुलगी, ती ओबामांची, दोघेही रडत होतो.

रानफूल

अप्पा, काटा आला.

स्वानंदी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. सम-विषम आणि वायोमिंगचं ८-४-२ मी कागदावर करून पाहिलं, आता कोणालाही समजावू शकेन.

कॉकसबद्दल माझा विरोध रानफूलचं वाचून वाढला आहे. चारचौघांत उभं राहून मत द्यायला लागणं मला मान्य नाही, आणि एकगठ्ठा पद्धत तर नाहीच. पण प्रमाणात वाटप आणि एकामागून एक राज्यं, याला मी आता विरोध करणार नाही. एकाच दिवशी देशभर मतदान झालं असतं तर ओबामांसारखा कमी ओळखीचा सिनेटर उभा तरी राहिला असता का, ही शंका मला स्वतःलाच आली.

@गणितवेडा, एक शेवटचं: १५ टक्क्यांची अट १० वर आणली तर २०२० मध्ये काय झालं असतं?

गणितवेडा

नक्की आकडा प्रत्येक मतदारसंघ नव्याने मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, पण दिशा सांगतो. सुपर ट्यूसडेला वॉरन आणि ब्लूमबर्ग बऱ्याच राज्यांत १० ते १५ च्या मध्ये अडकले होते. ब्लूमबर्ग यांनी १०० कोटी डॉलर ओतले आणि जिंकलं फक्त अमेरिकन सामोआ. अट १० असती तर दोघांच्या झोळीत बरंच जास्त पडलं असतं, बायडेन आणि सँडर्स दोघांचेही कमी झाले असते, आणि वॉरन कदाचित आणखी काही आठवडे टिकल्या असत्या. शर्यत लांबली असती. मला ते चाललं असतं. टेक्सासच्या मतदारसंघांचे आकडे माझ्याकडे आहेत, रविवारी मांडून इथेच टाकतो.

चक्रम

टाका टाका. ३१ मतदारसंघ म्हणजे लाडू पुरतील.